हाताशी जुळवलेला रंग

सत्तर साली शिकागोत कॉमिकची पानं रंगवणाऱ्यांत काळी बाई मी एकटीच, बर्निटा. त्यामुळे आमचा पहिला काळा नायक आला, तो माझ्याच वाट्याला. पहिल्या अंकात मी स्वतःचा हात पानाशेजारी ठेवून त्याच्या कातडीचा रंग जुळवला. छपाईत तो जरा फिका उतरला.

साहेब म्हणाले, "असाच बरा दिसतो."

झालं! पुढच्या वेळी हाताकडे कोण बघतंय? छापील अंक समोर ठेवून मी रंग लावला. तो आणखी फिका उतरला. मग त्यावरून पुढचा. कुणी सांगितलं नव्हतं, ही अक्कल माझीच.

वर्षभराने ओडेसाआत्याच्या पार्लरमध्ये केस करायला बसले होते. आत्याने कौतुकाने भिंतीवर बाराही मुखपृष्ठं ओळीने चिकटवली होती.

एक गिऱ्हाईक बाई म्हणाली, "ओडेसा, हा कुठला साबण लावतो गं? बारा महिन्यांत पार उजळलाय!"

"गप गं! माझी भाची रंगवते त्याला."

"भाची गोरी आहे वाटतं?"

आत्याने माझ्याकडे बोट दाखवलं. बाईने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अगंबाई! मग कामाला जाताना ही हात घरी ठेवून जाते की काय?"