तटस्थ पाण्यातला टँकर

टाळ्यांच्या नादात मी आंतरराष्ट्रीय कायदा मोडला. देवपुरातल्या आमच्या कॉलेजच्या जिमखान्यात, दीडशे लोकांसमोर. नौदलात वीस वर्षं कायदा पाळला आणि तो मोडायला मला धुळ्यात यावं लागलं.

मी पेटी ऑफिसर या हुद्द्यावरून निवृत्त झालो. जहाजाच्या ऑपरेशन्स रूममध्ये असायचो. आसपास कोणती जहाजं, त्यातली आपली कोणती, परकी कोणती, याचा नकाशा सांभाळायचो. आता संरक्षणशास्त्राच्या मुलांना वॉरगेम शिकवतो. म्हणजे नकाशावरचं युद्ध. दोन देश, दोन टीम, मध्ये अंपायर, म्हणजे मी. अंपायर म्हणेल ते बुडालं.

धुळ्याला समुद्र नाही. म्हणून कापसावर झाकायची निळी ताडपत्री अंथरली. स्टीलचे ग्लास म्हणजे युद्धनौका, कागदी कप म्हणजे तेलाचे टँकर, खडू म्हणजे क्षेपणास्त्रं. निळ्या देशाने चार टँकर अरुंद सामुद्रधुनीतून घरी आणायचे, लाल देशाने अडवायचे. एक जरी बुडाला तरी निळे हरले. जिंकणाऱ्या टीमचा कॅप्टन आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाणार होता.

निळ्यांची कॅप्टन शबाना बागवान, अमळनेरची. शेवटचं वर्ष, त्यामुळे संधी एवढीच. लालचा कॅप्टन गिरासे, शिंदखेड्याचा. आवाज असा की त्याला माईक देत नाहीत.

पहिल्या दहा मिनिटांत धमाल उडाली. गिरासेने खडूंचा मारा केला, शबानाच्या दोन युद्धनौका आडव्या झाल्या. आमचे शिपाई नाना चहाचा ट्रे खाली ठेवून ओरडू लागले, "बठ्ठं फोडी टाका!" म्हणजे सगळं फोडून टाका. प्राचार्य खुर्चीवर उभे राहिले. मीही जोशात शिट्टी मारली. अंपायरने असलं काही करायचं नसतं.

मग शबानाने डाव बदलला. ताडपत्रीच्या कडेला एक दोरी होती. दोरी म्हणजे तिसऱ्या देशाचा किनारा. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, साधारण बावीस किलोमीटर, पाणी त्या देशाचं. तो देश भांडणात नसेल, म्हणजे तटस्थ असेल, तर त्याच्या पाण्यात कुणी कुणावर गोळी चालवायची नाही. टँकर मात्र तिथून निमूट जाऊ शकतो. शबाना एकेक कप दोरीला चिकटवून सरकवू लागली. सावकाश आणि अगदी बरोबर.

तीन कप घरी पोचले. प्रेक्षक जांभया देऊ लागले. "याले लढाई म्हनतस का?" नानांनी मलाच विचारलं.

तेवढ्यात वैतागलेल्या गिरासेने चौथ्या कपावर खडू मारला. कप दोरीपाशीच होता, तटस्थ पाण्यात. मारा बाद ठरवायला हवा होता. पण सगळा जिमखाना "फुटला, फुटला" करत उभा राहिला आणि माझ्या हातांनी कप पालथा केला.

"सर, तो तटस्थ पाण्यात आहे," शबाना म्हणाली.

"युद्धात कोण मोजत बसतं?" मी म्हणालो. टाळ्या पडल्या. मोजत बसणं हीच माझी वीस वर्षांची नोकरी होती.

चूक मला त्याच क्षणी कळली होती. तरी तीन दिवस गप्प राहिलो. चौथ्या दिवशी प्राचार्यांकडे गेलो.

"सर, माझा निर्णय चुकला."

"कोणता?"

"कप पालथा करायला नको होता."

त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. ऐकून घेतल्यावर म्हणाले, "बोरसे, नाव अजून पाठवलेलं नाही. गुपचूप बदलून टाकू. बोभाटा नको."

मला हायसं वाटलं. शबानाला बोलावून सांगितलं.

"असं नाव नको, सर," ती म्हणाली. "सगळ्यांनी मला हरताना पाहिलंय. आता म्हणतील, सरांनी दया केली."

"मग काय करू?"

"जिथे बुडवलात तिथेच वर काढा."

गिरासेलाही सांगणं भाग होतं. तो हसला; चूक त्यालाही तेव्हाच कळली होती. "माले तवयच कयनं व्हतं, सर. पन अंपायर तुम्ही. टाळ्या परत करू का?"

शुक्रवारी पुन्हा ताडपत्री अंथरली, तीच माणसं बोलावली. प्राचार्यांनी शबानाचं नाव सर्वांसमोर फॉर्मवर लिहिलं. स्पर्धेत तिची टीम दुसरी आली, आणि तिच्या तोफा सांभाळायला तिने गिरासेलाच नेलं होतं, हे नंतरचं. त्या दिवशी मी एवढंच शिकलो, की बघणाऱ्यांना लढाई हवी असते, नौदलाला माल घरी पोचवायचा असतो, आणि अंपायरने बघणाऱ्यांकडे पाठ करून उभं राहावं.

त्या शुक्रवारी मी माईक हातात घेतला. नाना पहिल्या रांगेत, मजा होणार म्हणून सरसावून बसलेले.

"शबाना," मी म्हणालो, "तू नियमाने खेळत होतीस. मला टाळ्या हव्या होत्या. तू बरोबर सांगितलंस आणि मी ते हसण्यावारी नेलं. मला माफ कर."