काकांनी न सुधारलेला शब्द

चुकीचा शब्द कानावर पडला की रोगवाले काका बोलणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवत. मग तो सरपंच असो की बसचा कंडक्टर. शेतकी शाळेत त्यांनी जन्मभर पिकांचे रोग शिकवले आणि निवृत्तीनंतर मंगरूळपीरच्या माझ्या कृषी केंद्रात रोज येऊन बसू लागले.

एखादा खिशातून तुरीचं वाळकं पान काढून म्हणायचा, "भाऊ, यावर फवारा द्या." काका पान हातातही घेत नसत. "मुळासकट झाड आन. अन् बाजूचं चांगलं झाडबी आन. चांगलं कसं होतं हेच मालूम नाही, त बिघडलं काय ते कसं सांगू?" माझं गिऱ्हाईक कुरकुरत परत जायचं. कुणाला ताप आला की म्हणत, "ताप रोग नोहे बापा, रोगाची खबर होय." लोक चिडत, हसत, आणि पुढच्या खेपेला रोप उपटून आणत.

मी मुळातच कमी बोलणारा. त्यामुळे एका हंगामात पार गप्प झालो, ते लवकर कुणाच्या ध्यानात आलं नाही. बियाण्यासाठी दुकानापुढे गर्दी आणि मी घरी भिंतीकडे तोंड करून पडलेला. खाण्यापिण्याला कमी नाही, बायको जिवाला जपणारी. तरी आपलं असं व्हावं, याचीच लाज वाटे. काका घरी आले, तेव्हा माझा भाऊ वैतागून म्हणाला, "आळशी झाला तो, दुसरं काय!"

"आळशाले झोप गोड लागते. याले लागते का?"

एवढं विचारून काका माझ्या बायकोकडे वळले. "सूनबाई, हा चांगला होता तवा कसा होता?"

"सकाळी चहा होईस्तोवर शीळ घालायचे," ती म्हणाली आणि रडू लागली.

काकांनी दोघांना बाहेर पाठवलं. खाटेवर टेकून म्हणाले, "मराचं मनात येते का रे?"

इतकं सरळ कुणी विचारलं नव्हतं. मी होकाराची मान हलवली.

"दुकानाची चावी दे."

विषारी औषधांच्या फळ्यांमध्ये बसून पोट भरणारा मी. त्यांना अधिक सांगावं लागलं नाही. चावी भावाकडे गेली. "काका, काय झालं मला?" मी विचारलं.

"मी झाडाचा मानूस. तुह्या रोगाचं नाव सांगनारा अकोल्यात बसते. ऊठ, शर्ट घाल."

अकोल्याच्या त्या बसमध्ये ते शेजारी होते. पुढच्या खेपांनाही.

दुकानात परतलो. विचारणाऱ्याला सांगितलं, "पित्त झालं होतं." काका समोरच होते. आता थांबवतील, म्हणून मी मान वर केली नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "तुहं झाड दाखव."

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. तेरवीच्या पंगतीत जो तो काकांनी आपल्याला कसं टोकलं ते सांगून हसत होता. मी खाली मान घालून जेवत राहिलो. माझाच शब्द तेवढा त्यांनी कधी सुधारला नाही. तो माझ्यावर सोडला होता.

ते पित्त नव्हतं. मला नैराश्याचा आजार झाला होता. गोळी अजून चालू आहे.