चार बॅकपॅक आणि नोइमावशी

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. अमेरिकेत फ्रीमाँटच्या आमच्या घरांत दह्याचे रिकामे डबे साठतात तसे ते साठतात. टाकवत नाहीत, आणि पाहुणे आले की नेमके उपयोगी पडतात. आमच्याकडे कुठलाही पॉटलक असो, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणून केलेलं जेवण, पुलाव संपेपर्यंत गाडी थायलंडवर आलेली असते. नवऱ्याला ते सगळे किस्से पाठ आहेत. तो प्लेट घेऊन सरळ गॅरेजमध्ये जातो.

गेलो होतो आम्ही चौघं. मी नाशिकची, स्वाती पुण्याची, मंदार नागपूरचा आणि निखिल श्रूजबरीचा, म्हणजे अमेरिकेतच जन्मलेला. एकाच ऑफिसात कामाला लागलो आणि दुपारचे डबे एकत्र खाता खाता घट्ट मित्र झालो. क्राबीच्या पुढे समुद्राकाठी एक छोटं गाव आहे, तिथल्या हॉस्टेलमध्ये चार दिवस राहिलो. मालकीण नोइ. पन्नाशीची, ठेंगणी, सतत काहीतरी निवडत बसलेली. स्वातीने पहिल्या तासाभरातच तिची मावशी करून टाकली.

* * *

बॅकपॅकिंग म्हणजे कमीत कमी सामान, हे निखिलने आम्हाला महिनाभर समजावलं होतं. हॉस्टेलवर पोचल्यावर स्वातीने बॅग उघडली आणि आतून कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी काढली, चिमट्यांसकट! निखिलने कपाळाला हात लावला.

स्वातीने शांतपणे खोलीच्या या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत दोरी बांधली. खोली आठजणांची होती. दुसऱ्या दिवशी दोरीवर एका जर्मन मुलाची पँट दिसली. तिसऱ्या दिवशी अख्ख्या मजल्याचे कपडे आले, आणि स्वातीने दाराला वेळापत्रक लावलं. निखिलला संध्याकाळी पाच ते सहा मिळाले. तो म्हणाला, हा प्रकार आईला कळता कामा नये, नाहीतर श्रूजबरीतही सुरू होईल.

* * *

मंदारचा एक गुण होता. कुठेही जायचं असलं की तो सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचा. फ्रीमाँटमध्ये शनिवारी हॉटेलात सगळी माणसं आल्याशिवाय टेबल देत नाहीत. मंदार एकटा जाऊन बिनदिक्कत सांगायचा, बाकीचे मागून येताहेत. त्या वेळी आम्ही घरी दात घासत असायचो. पण टेबल कधी गेलं नाही.

त्या गावातून बेटावर जाणारी सकाळची शेवटची होडी साडेनऊची होती आणि आम्ही न्याहारीला बसलो होतो. मंदार पुढे धावला. आम्ही पोचलो तर हा एक पाय होडीत आणि एक पाय धक्क्यावर ठेवून उभा. नावाड्याला मराठीतच सांगत होता, "बाकीचे मागून येऊन राहिले ना बे, दोन मिनिटं थांब." नावाडी वीस मिनिटं थांबला होता. त्याला काय समजलं देव जाणे.

* * *

मिरचीचा किस्सा मंदारसमोर काढायची सोय नव्हती. नागपूरच्या माणसाला तिखट लागत नाही, असं त्याने नोइमावशीला हातवारे करून पटवलं. तिने दोनदा विचारलं. मग स्वतःच्या घरच्यासाठी करते तसं सूप आणून दिलं.

तीन चमच्यांनंतर मंदारच्या डोळ्यांतून धारा लागल्या, नाक लाल झालं. आम्ही काही विचारायच्या आतच तो म्हणाला, खारा वारा डोळ्यांत जाऊन राहिला. वाटी मात्र संपवली. मावशीने टेबलावरचा पंखा त्याच्याकडे वळवला.

* * *

आता जे मी पॉटलकमध्ये सांगत नाही ते सांगते. ही ट्रिप हौसेची नव्हती. मंदारची नोकरी गेली होती. व्हिसावरच्या माणसाला दुसरी नोकरी शोधायला साठ दिवस मिळतात, ते संपत आले होते. गाडी विकून झाली, भांडी आमच्यात वाटून झाली. नऊ वर्षांचं घर दोन बॅगांत बसवून एक बॅग त्याने आधीच नागपूरला पाठवली होती. तिकीट तसंही काढायचंच आहे, तर वाटेत चार दिवस एकत्र राहू, ही कल्पना निखिलची. तिथून आम्ही तिघं सॅन फ्रान्सिस्कोला परतणार आणि मंदार नागपूरला जाणार.

चार दिवसांत तो त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही. आम्हीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

* * *

आम्ही मराठी माणसं घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. पाण्याची बाटली आणायला निघालो तरी दारातून 'येतो' म्हणून ओरडणार. निखिलला मोजून दहा शब्द मराठी येतं, त्यात हा एक आहे. नोइमावशीने हे ऐकून ऐकून एकदा मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, हे काय म्हणता? स्वातीने समजावलं, की आम्ही परत येणार आहोत, काळजी करू नका, असं घरच्यांना सांगून निघतो. मावशीला ते फार आवडलं. पुढे भाजी आणायला निघाली की तीही आम्हाला 'येतो' सांगून जायची.

मंदारची बस सकाळी सातला होती. निघणाऱ्याच्या हातावर दही घालायचं, म्हणून स्वाती सहापासून गाव पालथं घालत होती. दही कुठलं मिळायला! शेवटी स्ट्रॉबेरीचं योगर्ट घेऊन आली. गुलाबी रंगाचं. मंदारने तळहात पुढे केला, चाटलं, बॅग पाठीवर घेतली आणि म्हणाला, "चला, जातो."

स्वाती चरकली. "जातो नाही म्हणायचं रे. येतो म्हण."

"कुठे येऊ? कोण येऊ देईल मला?"

निखिल चपलेने वाळू उकरत राहिला. तेवढ्यात मावशी पुढे आली. तिने मंदारच्या बॅगचा पट्टा धरला आणि म्हणाली, "येतो."

त्याने पट्टा सोडवायला बघितलं. ती सोडेना. बसवाला हॉर्न वाजवत होता. मंदारने तिच्याकडे पाहिलं, आणि या वेळी खारा वारा अजिबात नव्हता.

"येतो, मावशी," तो म्हणाला. आम्हाला नाही म्हणाला. तिला म्हणाला.

* * *

त्यानंतर मंदार गप्पच झाला. व्हॉट्सअॅपचा ग्रुप सोडला नाही, पण बोलणं सोडलं. वाढदिवसाला एक अंगठा यायचा, तोही हळूहळू बंद झाला. स्वातीने दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही. शनिवारी हॉटेलात आता आम्ही टेबलासाठी बाहेर उभे राहतो. अडीच वर्षं झाली.

गेल्या महिन्यात निखिल ऑफिसच्या कामाने सिंगापूरला गेला आणि तिथून चार दिवस काढून एकटाच त्या गावात जाऊन आला. मी आणि स्वाती माझ्या किचनमध्ये मटार सोलत होतो, तेव्हा त्याचा फोटो आला. हॉस्टेलच्या अभिप्रायाच्या वहीचं एक पान होतं. सगळीकडे परकी अक्षरं, आणि खालच्या कोपऱ्यात एक ओळ देवनागरीत. निखिलला देवनागरी वाचता येत नाही. त्याने त्याच्या इंग्रजीत लिहिलं होतं, "नोइमावशी सारखी या ओळीवर बोट ठेवतेय. व्हॉट डझ इट से, यार?"

स्वातीने फोन हातात घेतला, बोटांनी फोटो मोठा केला. तारीख मागच्या डिसेंबरची होती. अक्षर आम्ही दोघींनी लगेच ओळखलं. तिने फोन माझ्याकडे सरकवला आणि मी मोठ्याने वाचलं.

"आलो, मावशी. बाकीचे मागून येताहेत."