चौऱ्याण्णव सेंटिमीटर

नगरपालिकेत झाडं मोजणाऱ्या निरीक्षकाला सगळं गाव टेपमास्तर म्हणायचं. राग हा त्यांचा रोजचा पोशाख. सकाळी अंगावर चढवला की झोपतानाच उतरायचा. कुणी खोडात खिळा ठोकून शिकवणीची पाटी लावली की मास्तर पक्कड घेऊन हजर. "तुझ्या कपाळावर लावू का पाटी? जागा भरपूर आहे!"

नियम सोपा होता. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर एक मीटर भरला की झाडाला कायद्याचं संरक्षण, मग लोकांच्या हरकती ऐकल्याशिवाय फांदीही तोडायची नाही. मीटरच्या आत असेल, तर मास्तरांची सही झाली की करवत. मास्तरांच्या शर्टाचं तिसरं बटण बरोबर नियमातल्या उंचीवर यायचं. खोडाला छाती भिडवायची आणि बटणापाशी टेप गुंडाळायची, असं सव्वीस वर्षं चाललं होतं.

मंगळवारी त्यांनी दवाखान्यासमोरची चिंच मोजली. तिथं ठेकेदाराला गाळे बांधायचे होते. घेर भरला चौऱ्याण्णव सेंटिमीटर. मास्तर चरफडले, पण सही केली.

दुपारी घरी बायकोनं त्यांचे बूट पाहिले. "अहो, नांगरणीला गेला होतात की काय? घोट्यापर्यंत माती!"

"दवाखान्यासमोर होतो."

"काहीतरीच! तिथं फरशी आहे. गुडघ्यांच्या औषधासाठी त्या चिंचेखाली दर आठवड्याला ताटकळते मी."

मास्तरांचा घास हातातच राहिला. फरशीवर माती टाकली होती. ढिगावर उभं राहिलं की माणूस उंच होतो, टेप वर सरकते, आणि वर खोड बारीक असतं!

शेजाऱ्याचं फावडं उचलून ते तसेच धावले. ठेकेदार हसतच पुढे आला. "बाग करतोय, साहेब. आणि सही तुमचीच आहे ना? उद्या सकाळी करवतवाले येतायत."

"बाग! तुझ्या डोक्यात कर आधी, काही उगवलं तर उगवलं!" मास्तर उपसू लागले. रांगेतली एक आजी काळजीनं म्हणाली, "बेतानं रे बाबा, डॉक्टर जेवायला गेलेत." वीतभर, दोन वीत, तीन वीत माती निघाली तेव्हा फरशी दिसली. नव्यानं घेर मोजला. एक मीटर अकरा.

कार्यालयात मोठे साहेब कण्हले. "सही मागे घ्यायची तर चूक लेखी कबूल करावी लागेल. आठ महिन्यांत निवृत्त होताय, सेवापुस्तकाला डाग कशाला? 'तांत्रिक त्रुटी' लिहा, मिटवून टाकू."

"तांत्रिक कसली? टेप शहाणी होती, साहेब. गाढव मी होतो!"

त्यांनी लिहिलं : ढीग मला दिसला होता. मी विचारलं नाही. त्यावर चढून मोजलं. ढीग ठेकेदारानं टाकला. परवानगी रद्द करावी.

साहेबांनी नाइलाजानं शिक्का मारला. चिंच वाचली. शिपाई म्हणाला, "मास्तर, आता तरी हसा की."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी कपाट उघडायला लावलं आणि सव्वीस वर्षांतल्या, मीटरच्या आत भरलेल्या झाडांच्या फायली टेबलावर आपटल्या. पहिली उघडली. घेर सत्त्याण्णव. खाली त्यांचीच झोकदार सही. तिथं पायाखाली काय होतं, हे काही केल्या त्यांना आठवेना.