विषय : बंद खाते पुन्हा सुरू करणेबाबत

पुरुषांनी पुरुषांना भेटावं म्हणून जी ॲप असतात, त्यातल्या एकाच्या तक्रारी तपासायचं काम मी अडीच वर्षं केलं. ऑफिस पवईला, कंपनी कंत्राटी, ॲप परदेशातलं. त्याचं नाव बाहेर सांगायला बंदी होती, म्हणून इथेही सांगत नाही. घरी सांगितलं होतं की कॉम्प्युटरवर तपासणीचं काम आहे. आई घाटकोपरच्या आमच्या वस्तीत सगळ्यांना सांगायची, "माझा पोरगा कंपनीत तपासनीस आहे." ते खोटं नव्हतं. मी स्वतः त्यातलाच आहे हे घरी माहीत नव्हतं. मुलाखतीत मात्र सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, असला मजकूर दिवसभर बघायला त्रास होईल का? मी म्हटलं, मला त्यातली भाषा कळते, बाकीच्यांना शिकवावी लागेल.

आमच्या खानदानात बी.ए. झालेला मी पहिला. हे मी कुठेही सांगतो, यात लाजायचं काय? वडील जालन्याकडून आले आणि पालिकेत सफाई खात्यात लागले. बारावीत असल्यापासून वस्तीतले अर्ज मी लिहीत आलो. रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचं, नळाची लाइन फुटली, शाळेचा दाखला हरवला. प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू. अर्ज नीट लिहिला की समोरच्या साहेबाला खुर्चीत सरळ बसावं लागतं, असं मला तेव्हा वाटायचं.

ऑफिसात अर्ज वाचायची पाळी माझी होती. स्क्रीनच्या डाव्या बाजूला माणसाचं खातं, उजवीकडे त्याने लिहिलेली तक्रार, खाली बटणं. एका तक्रारीला फार तर एक मिनिट. उत्तरं चार, आधीच लिहिलेली, चारही इंग्रजीत. आपलं एक वाक्य घालायला कुठे जागा नाही. 'आम्ही आपल्या म्हणण्याचा विचार केला आहे, निर्णय कायम आहे', अशा अर्थाचं उत्तर सगळ्यात जास्त जायचं. लोक शिव्या घालायचे ते साहजिकच होतं. "माणूस आहे का रे तिकडे कोणी?" "कारण तर सांगा, साल्यांनो." "मला धमक्या देणारा मोकळा फिरतोय आणि बंद कोण, तर मी!" शेवटच्याचं बऱ्याचदा खरं असायचं. धमक्या देणाऱ्याला नियम पाठ असतात.

मराठीत आलेलं सगळं माझ्याकडे वळायचं. शेजारी बसणारा मालवणी मुलगा माझ्याच वयाचा होता. त्याने माझं नाव तहसीलदार ठेवलं होतं.

भांडणाचं मोठं कारण चेहरा. आपल्याकडे या ॲपवर चेहरा कोण लावतो? डोंगर, बूट, पाठमोरी मान, नुसता शर्ट. बोलणं जुळलं की मग फोटो पाठवायचा, ही इथली रीत. पण खोट्या खात्यांवरून लोकांना बोलावून लुबाडायचे प्रकार वाढले, तेव्हा वरून नियम आला की खात्यावर कोणी संशय घेतला तर चेहऱ्याचा स्पष्ट फोटो लावल्याशिवाय ते उघडायचं नाही. नियमात चूक होती असं मी म्हणणार नाही. लुबाडलेल्यांच्या तक्रारीही मीच वाचल्या होत्या.

एका शुक्रवारी दुपारी जेवून आलो आणि पहिलीच तक्रार ही उघडली:

"प्रति, मा. व्यवस्थापक साहेब. विषय : बंद खाते पुन्हा सुरू करणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, मी मुलुंड येथे राहणारा सेवानिवृत्त कर्मचारी असून माझे खाते मंगळवारपासून बंद आहे. सदर खात्यावर एका गृहस्थांशी माझे सात महिने बोलणे चालू आहे. येत्या रविवारी सकाळी आमचे प्रथमच भेटण्याचे ठरले असून जागा ते कळवणार होते. त्यांचा फोन नंबर मजजवळ नाही. मी न गेल्यास त्यांचा गैरसमज होईल. आपण मागितल्याप्रमाणे चेहऱ्याचा स्पष्ट फोटो लावला आहे. तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा."

खाली आपला विश्वासू, आणि पूर्ण नाव, आडनावासकट. ॲपवर आपलं खरं नाव लिहिणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"काय तहसीलदार, अर्ज इलो काय?" शेजारचा म्हणाला.

"आला. तुझ्या बापाच्या भाषेत आला, तुला नाही कळायचं."

मग मी फोटो उघडला. ते त्याचं निवृत्त कर्मचाऱ्याचं ओळखपत्र होतं. कोपऱ्यात चेहऱ्याचा फोटो, त्यावर अर्धा गोल शिक्का, बाजूला नाव, जन्मतारीख, इमारतीचं नाव, मजला. हे त्याने ॲपवर लावायच्या फोटोच्या जागी टाकलं होतं, जिथे ते सगळ्या मुलुंडला दिसलं असतं. खातं बंद होतं म्हणूनच ते अजून कोणाला दिसलेलं नव्हतं. त्याचं डोकं कसं चाललं ते मला लगेच कळलं. स्पष्ट फोटो मागितलाय, मग शिक्क्याच्या फोटोपेक्षा स्पष्ट काय असणार? चाळीस वर्षं सरकारी टेबलापाशी काढलेला माणूस हेच करणार. माझ्या वडिलांनीही हेच केलं असतं.

आमच्या नियमात मात्र ओळखपत्र फोटोत लावलं तर खातं कायमचं बंद. माणसाच्याच भल्यासाठी. कायमचं म्हणजे आतलं बोलणंही जातं, सात महिन्यांचं. आणि रविवार परवावर होता.

मी उठून टीम लीडकडे गेलो. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान, मुलुंडचीच.

"ओळखपत्र टाकलंय एकाने. म्हातारा आहे. चुकून टाकलंय," मी म्हटलं.

"मग बंद. तुला माहितीय ना?"

"माहितीय."

"मग मला कशाला विचारतोयस? विचारलंस तर मला नाहीच म्हणावं लागणार ना रे!"

"बरं, मग नाही विचारलं."

"गुड. मी ऐकलंपण नाही. जा."

जागेवर येऊन मी ओळखपत्र काढून टाकलं आणि 'नियमभंग नाही' हे बटण दाबलं. खातं चालू झालं. त्याला आमचं इंग्रजी उत्तर गेलं असणार, की आपलं खातं सुरू आहे, फोटो काढून टाकण्यात आला आहे. का काढला ते त्यात नव्हतं.

हे माझ्या लक्षात आलं घरी जाताना, बसमध्ये. फोटो काढला म्हटल्यावर हा माणूस काय करील? शांतपणे ओळखपत्र पुन्हा लावील, या वेळी मागच्या बाजूसकट. नवीन फोटो आधी मशीन बघतं, आणि आपल्याकडची ओळखपत्रं मशीनला कधी कळायची, कधी नाही. खातं आता उघडं होतं. मशीनने सोडलं असतं तर नाव, पत्ता, मजला अर्ध्या उपनगराच्या फोनवर. बंद ठेवलं असतं तर एक रविवार गेला असता. उघडून मी त्याला घरादारात उघडं पाडायची सोय करून ठेवली होती, आणि "काका, स्वतःचा साधा फोटो काढा, कार्ड लावू नका" एवढं सांगायचा रस्ता माझ्याकडे नव्हता. नाव, इमारत, मजला मला दिसलं होतं. मुलुंड आमच्याकडून दूर नाही. पण एका अनोळखी पोराने दारात येऊन हे सांगितलं असतं तर तो माणूस जागच्या जागी बसला असता. घरात कोण कोण आहे तेही मला ठाऊक नव्हतं. मी गेलो नाही.

शनिवार-रविवार सुट्टी. घरून खातं बघायची सोय नव्हती, आणि ॲपवर स्वतःचं खातं ठेवायला आम्हाला मनाई होती. रविवारी सकाळी आईबरोबर विहारात वंदनेला गेलो. शेजारची मावशी म्हणाली, "कंपनीवाले, आज वेळ मिळाला व्हय?" मी हसलो. नऊ वाजले तेव्हा घड्याळ बघितलं. दहालाही बघितलं.

सोमवारी अपेक्षेप्रमाणे बोलावणं आलं. आमचं काम तपासणारी वेगळी मंडळी होती, त्यांनी बरोबर तीच तक्रार उचलली होती. लीडने खुर्ची पुढे ओढली.

"हे काय आहे?"

"तू न ऐकलेलं."

"शहाणा आहेस. रेकॉर्डवर चूक लागली बघ." मग स्क्रीन माझ्याकडे वळवत म्हणाली, "शनिवारी त्याने परत फोटो टाकलाय."

तिने फोटो मोठा केला. खिडकीच्या पडद्यासमोर ताठ उभा असलेला माणूस, इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं, कॅमेऱ्यापेक्षा जरा वर बघणारा. नुसता माणूस. कार्ड नाही, नाव नाही. पण चेहरा पूर्ण. आमच्यातले पंचविशीतले लावत नाहीत तो.

"पास झालाय," ती म्हणाली. "चूक मान्य आहे का, इथे टिक कर."

"नियम मोडला ते मान्य आहे."

"तसा रकाना नाहीये रे. मान्य किंवा अमान्य. अमान्य केलंस तर इंग्रजीत पानभर लिहायचं, आणि ते कोणी वाचत नाही."

"लिहितो."

"पदवी काय मिळाली, याचा अर्ज थांबतच नाही," ती म्हणाली. मी तिथेच बसून पानभर लिहिलं. सोपं इंग्रजी, चूक एक नाही. पुढे उत्तर आलं, निर्णय कायम आहे.

मी लिहीत असताना ती खात्याची नोंद बघत होती. रविवारी सकाळी आठला समोरून निरोप. आठ वाजून दोन मिनिटांनी याचं उत्तर. नवाच्या सुमाराला आणखी एक, याच्याकडून. त्यानंतर दोघांकडून काहीच नाही. खातं बंद होतं ते दिवस सोडले तर सात महिन्यांत इतका वेळ शांतता कधी नव्हती.

"भेटले असतील. नंबर घेतले असतील एकमेकांचे," ती म्हणाली.

"किंवा लांबून बघून परत गेला असेल कोणीतरी."

दोन्ही वेळा नोंद अशीच दिसते, हे तिलाही माहीत होतं. निरोपांवर बोट ठेवलं असतं तर ते उघडले असते. तक्रार त्या निरोपांबद्दल नव्हती, तरी तिच्या हुद्द्याला ते उघडत.

"बघू? तुझ्यावर चूक लागलीय त्याच्यासाठी. एवढा तर हक्क आहे तुझा."

"नको गं."

"खरंच?"

"त्याने चेहरा लावलाय तेवढा बघितला. बास."

तिने खांदे उडवले आणि पुढची फाइल उघडली. तीही माझीच. त्या आठवड्यात माझ्या नावावर आणखी एक चूक होती.