हुगळीकाठची माकुशी फुंकर

हावड्याला उतरलो तो नव्या गुळाच्या संदेशांवर (छेन्याच्या मिठाईवर) डोळा ठेवून. पण सॉल्ट लेकला बहिणीकडे पोचलो, तर दिवाणखान्यात पाहुणी बसलेली. अ‍ॅग्नेस, दक्षिण अमेरिकेतल्या गयानाची शिक्षिका, माझी भाची ईरा हिच्या ऑफिसात प्रशिक्षणाला आलेली. तिची मातृभाषा माकुशी, कॅरिब कुळातली. "आमच्या गावातली मुलं आता घरीही इंग्रजीच बोलतात," ती म्हणाली.

मी ईराकडे पाहिलं.

"मामा, मेरी तरफ मत देखो!"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एस्प्लनेडहून चालत हुगळीच्या घाटावर गेलो, तर अ‍ॅग्नेस नदीकडे पाठ करून उभी. तिने सांगितलं, माकुशी जुनी माणसं नवी नदी प्रथम पाहताना डोळ्यांत मिरची चोळतात, म्हणजे नदीतली भुतं धरत नाहीत. मी तत्काळ झालमुडीवाल्याकडून (बंगाली भेळवाल्याकडून) मिरची घेऊन स्वतःच्या डोळ्यांपाशी नेली.

"दादा, लंका मुखे दिन, चोखे ना!" (मिरची तोंडात घाला, डोळ्यांत नको!) तो किंचाळला.

हसू आवरून अ‍ॅग्नेस सांगू लागली. प्रवासासाठी एक 'तारेन' असतो, फुंकर घालून म्हणायचा मंत्र. गावात तो आता फक्त तिच्या आईला येतो, आणि आईला हल्ली दम पुरत नाही. "शिकव म्हटलं की म्हणते, समोर येऊन बस, फोनवर नाही. मी परत जाईपर्यंत..."

"लाव फोन," मी म्हणालो.

तिकडे नुकतं उजाडलं होतं. पडद्यावर सुरकुतलेला चेहरा आला. मी नाटकी आवाज लावला. "आई, तुमची मुलगी आत्ता ही नदी ओलांडणार! पलीकडचा काठ दिसत नाही! होडी एवढीशी!" समोरच्या काठावरचं हावडा चौकटीबाहेर राहील असा फोन मी धरला होता. पाठमोऱ्या अ‍ॅग्नेसने सगळं भाबडेपणाने माकुशीत सांगितलं. म्हातारी ताडकन उठून बसली.

"रेकॉर्ड करू?" ईराने विचारलं.

"फुंकर रेकॉर्ड होत नाही," अ‍ॅग्नेस म्हणाली.

म्हातारी तारेनची एक ओळ म्हणे, अ‍ॅग्नेस मागून म्हणे. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. समोरून लाँचा सुटत राहिल्या. शेवटी अ‍ॅग्नेसने पडद्यावर हलकेच फुंकर घातली. तिकडे म्हातारीने वारा लागावा तसे डोळे मिटले आणि काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणाल्या?"

"आता माझ्यावरही तूच फुंक."

डोळे पुसून अ‍ॅग्नेस नदीकडे वळली. "मामा! काठ तर हा समोरच आहे!"

"मघाशी नव्हता," मी म्हणालो.

निघताना तिने माझ्या पाण्याच्या बाटलीवर तो तारेन फुंकला. इतक्या थोड्या माणसांच्या तोंडी उरलेली भाषा, आणि त्यातले काही शब्द माझ्यासारख्या उपऱ्यावर खर्च झाले. ते पाणी मी नागपूरपर्यंत घोट घोट पुरवलं. घरी बायकोने प्रवासाचं विचारलं. दरवेळी मी खूप रंगवून सांगतो. यावेळी जेवढं घडलं तेवढंच सांगितलं.