ट्राममध्ये विसरलेली रेकॉर्ड

हेमा आठल्येला विलायती गाणी सोसत नाहीत, अशी कलकत्त्याच्या मराठी मंडळींची समजूत होती. सहलीला जाताना बसमध्ये कुणी पोरानं तसली कॅसेट लावली की ती उठून ड्रायव्हरमागच्या बाकावर जाऊन बसे. भूगोलाची बाई, जरा शिष्टच, असं लोक म्हणत. एके काळी या हेमाला एका विलायती रेकॉर्डच्या दोन्ही बाजू तोंडपाठ होत्या, हे त्यांतल्या कुणालाच माहीत नव्हतं.

ती रेकॉर्ड तिच्या दादानं, श्रीधरनं आणली होती. साल १९७२. वडील श्यामराव खिदिरपूरच्या गोदीत कस्टममध्ये होते. मुंबईहून बदली होऊन आले तेव्हा गोदीजवळ जागा मिळेना, म्हणून त्यांनी बागबाजारला एका बंगाली घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला आणि तिथेच रुळले. मुलं गल्लीत बंगालीत भांडत, शाळेत इंग्रजीत उत्तरं देत आणि घरी मराठी बोलत. आईला, प्रेमलताबाईंना, मात्र बंगाली कधी आलंच नाही. भाजीवाल्याशी त्या बोटांनी आणि चार हिंदी शब्दांनी भागवत.

फ्री स्कूल स्ट्रीटवरच्या जुन्या मालाच्या दुकानातून श्रीधरनं ती रेकॉर्ड उचलली. कव्हरवर ओसाड रेल्वे फलाटावर बसलेले चार लांबकेसे तरुण. गोदीत आलेली पेटी तपासावी तशी श्यामरावांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"जकात भरलीय का हिच्यावर?"

"सेकंडहँड आहे, बाबा. आधीच्या मालकाला विचारावं लागेल."

"आणि या चौघांना तिकडे न्हावी मिळाला नाही वाटतं."

"त्यांच्या डोक्याकडे बघू नका, कान द्या जरा."

"कान दिला तर परत मिळेल ना?" असं म्हणून श्यामराव पेपर घेऊन गच्चीवर गेले.

स्वयंपाकघरातून प्रेमलताबाईंनी एवढंच विचारलं, "कशाला ओरडतोय रे तो? कुणी मारतंय का त्याला?"

हेमा तेव्हा चौदा वर्षांची. शाळेतून आली की दप्तर टाकून ती दादाच्या खोलीत जमिनीवर बसे. शब्द अर्धे कळत, उरलेले दोघं अंदाजानं गात. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं दोघांचं लाडकं. त्यात मध्येच ड्रम थांबत आणि एकटी गिटार वाट चुकल्यासारखी फिरत राही. नेमकी तिथे वीज जायची. मग श्रीधर बोटानं रेकॉर्ड फिरवी आणि हेमा सुईपाशी कान नेई. डासाच्या गुणगुणण्याएवढा आवाज येई. "आता जरा हळू, आता पळव," असं ती सांगत राही आणि श्रीधर म्हणे, "सरकारनं वीज तोडली तरी आपला कारखाना चालू."

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला श्रीधरला कावीळ झाली. आधी सगळ्यांनी सहज घेतली. कलकत्त्यात कावीळ कुणाला होत नाही? उसाचा रस, उकडलेल्या भाज्या, गल्लीतला डॉक्टर. मग एके दिवशी तो माणसं ओळखेनासा झाला आणि इस्पितळात नेल्यावर दोन दिवसांत गेला. एकोणीस वर्षांचा होता.

वर्षश्राद्धापर्यंत घरात गाणंबजावणं नाही, हे कुणी सांगावं लागलं नाही. रेकॉर्ड प्लेअरवर उशीचा अभ्रा चढला. श्रीधरचे कपडे, पुस्तकं आणि ती रेकॉर्ड आईनं एका ट्रंकेत भरून कुलूप लावलं. हेमा त्या कुलपाकडे बघत वर्ष काढत होती. दादाचा आवाज आपल्याला पूर्वीसारखा आठवत नाही, हे तिच्या लक्षात यायला लागलं होतं. ते तिसरं गाणं लागलं की तो त्यात कुठे चुकायचा, कुठे खोकायचा, सगळं जागच्या जागी सापडेल असा तिचा भरवसा होता. ती कुणाशी बोलली नाही. थांबून राहिली.

श्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला आईनं आपणहून ट्रंक उघडली आणि रेकॉर्ड तिच्या हातात दिली.

"घे. वर्ष सरलं. वीज आली की लाव. मलाही ऐकायचीय. तो होता तेव्हा मी धड ऐकलीच नाही."

"इतके दिवस ट्रंकेतच होती ना गं?"

"ट्रंकेत ठेवून बुरशी येऊ देऊ काय? खालच्या सुचित्राच्या आईनं सांगितलं, इथे भाद्रपदात सगळं उन्हात घालतात. मी त्याचे स्वेटर, पुस्तकं, सगळं गच्चीवर मांडलं. हीसुद्धा ठेवली होती दिवसभर, कठड्याला टेकवून. अगदी लक्ष ठेवून होते, कावळा बसू दिला नाही."

आई कंदील लावायला आत गेली. हेमानं कव्हरमध्ये हात घातला आणि बोटांनाच कळलं. तबकडी तळलेल्या पापडासारखी वाकडी झाली होती. कडेला बोट फिरवलं तर ते वरखाली होत गेलं.

आतून आई म्हणाली, "आज काही वीज येत नाही. उद्या तू शाळेतून आलीस की लावू. यांनाही बसवू."

हेमा "बरं" म्हणाली.

खरं सांगून मोकळं होणं सोपं होतं. पण वर्षभर आई एकेक गोष्ट उकरून स्वतःला टोचत आली होती: रस्त्यावरचा रस का पाजला, डॉक्टर आधीच का बदलला नाही, दिवाळीचं तेलकट का खाऊ दिलं. त्यात ही भर घालायला हेमाची जीभ रेटेना. सकाळी तिनं रेकॉर्ड कव्हरसकट दप्तरात घातली. शाळेमागे माळी पालापाचोळा जाळी, त्या ढिगावर ती ठेवली आणि वर्गात येऊन बसली.

संध्याकाळी बाबा लवकर आले होते. अभ्रा काढून प्लेअर पुसून ठेवलेला होता.

"आई, मी ती मैत्रिणीला दाखवायला नेली होती. येताना ट्राममध्ये विसरले."

प्रेमलताबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "विसरलीस? त्याची वस्तू, आणि तू विसरलीस?"

श्यामरावांनी अभ्रा घडी करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी आई पदर खोचून तयार. "चल, डेपोत विचारू. मला त्यांची भाषा येत नाही, तू बोल."

बागबाजारजवळच्या ट्रामडेपोत एक वयस्क बाबू हरवलेल्या सामानाचं कपाट सांभाळत असे. न हरवलेली रेकॉर्ड हेमानं त्याच्याकडे बंगालीत मागितली.

"त्याला सांग, फलाटावर चार पोरं बसलीत म्हणावं," आई मागून म्हणाली. "एकाच्या हातात मिटलेली छत्री आहे."

छत्री हेमाच्या कधी लक्षात आली नव्हती. तिनं सांगितलं.

"छत्र्या पुष्कळ आल्यात, मा," बाबू हळूच म्हणाला. "गाणं नाही आलं. पुन्हा येऊन बघा."

"काय म्हणतायत?"

"नाही आली म्हणतात."

"आणखीही काही म्हणाले ते."

"पुन्हा या म्हणाले."

आणि आई पुन्हा गेली. तो सगळा हिवाळा दर थोड्या दिवसांनी ती हेमाला घेऊन जाई आणि हेमा तेच प्रश्न बंगालीत आणि तेच उत्तर मराठीत करी. परतताना आई कधी कधी म्हणे, "जगाचे नकाशे पाठ, आणि मांडीवरची वस्तू लक्षात राहत नाही." हेमा ऐकून घेई. उन्हाळा आला तसं जाणं थांबलं. पण पाहुण्यांपुढे तो विषय निघेच, आणि "हिनंच हरवली" असं आई सांगे.

पुढे आईला एक सवय लागली. रस्त्यानं जाताना कुठल्याही खिडकीतून विलायती गाणं आलं की ती थबके. "तीच का गं?"

"नाही आई," हेमा म्हणे.

अठ्ठ्याहत्तर साली, दुर्गापूजेच्या आधी, दोघी हातीबागानच्या बाजारातून पिशव्या घेऊन येत होत्या. एका घराच्या पहिल्या मजल्यावर कुणीतरी रेकॉर्ड लावली होती, कुठल्या भलत्याच लोकांची. आई थांबली. केस आता बरेच पांढरे झाले होते.

"तीच का गं?"

"हो," हेमा म्हणाली.

प्रेमलताबाईंनी पिशवी पायरीवर ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्यांचे धक्के खात, मान वर करून त्या गाणं संपेपर्यंत उभ्या राहिल्या. आता आई जिना चढून वर जाईल आणि आपली वस्तू मागेल, या भीतीनं हेमानं तिचं मनगट धरलं होतं.

गाणं संपलं. आईनं डोळे पुसले आणि पिशवी उचलली.

"राहू दे त्यांच्याकडेच," ती म्हणाली. "चांगली जपलीय."